रोवेनाची घंटा
फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात औषधशास्त्रज्ञांच्या संघटनेचं संमेलन होतं. माझ्या प्रयोगशाळेतली रोवेना स्वयंसेवक म्हणून पहिल्यांदाच आली होती. वक्त्याची वेळ संपली की घंटा वाजवायची, एवढंच तिचं काम. अध्यक्ष बोलायला उठले, तेव्हा शेजारचे प्राध्यापक म्हणाले, “यांच्यासाठी वाजवू नकोस हं, पोरी. आजवर कुणाची छाती झालेली नाही.” पुढचा शोधनिबंध माझा होता: दमट हवेतही न बिघडणारं मुलांचं औषध. वेळ संपली, तरी अध्यक्ष बोलतच राहिले. जेवणाची सुट्टी जवळ आली. मी कागद पिशवीत घातले. रोवेनानं ते बघितलं आणि घंटा वाजवली. अध्यक्षांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग ते हसले. “कुठल्या समितीत आहेस?” “कुठल्याच नाही, सर.” “आजपासून कार्यक्रम समितीत.” “येईन. पण आधी आमच्या मॅडमचं ऐकू या.” मी ताठ मानेनं माइककडे निघाले.