ओळीबाहेरची ज्वारी

"अरे मेल्या, थांब! तण नव्हं ते, ज्वारी हाय!" सोजराबाई ओरडत बांधाकडे धावल्या. तोवर खुरपणीच्या यंत्राने आणखी एक वीतभर रोप उपटून टाकलं.

"ओळीबाहेरचं ते तण, मावशी," यंत्र नम्रपणे म्हणालं. "तुम्हीच शिकवलंत."

खोटं नव्हतं. दहा वर्षांपूर्वी शहरातली पोरं यंत्राला शिकवण्यासाठी सोजराबाईंचं खुरपणं टिपून घ्यायला आली, तेव्हा त्यांनीच तोऱ्यात तसं सांगितलं होतं. बैल गेले, ट्रॅक्टर आले, संकरित बियाणं आलं. तरी आईची ही ज्वारी सोजराबाईंनी दर साली थोडी पेरून, राखेच्या गाडग्यात जपली होती. यंदा गावची सगळी शेती यंत्राकडे गेली. त्या बियाण्याची शेवटची मूठ त्यांनी बांधाकडेला हातानंच फोकली, विखरून टाकली होती.

"मग मीच सांगते, इसर ते!"

"एकदा शिकलेलं विसरता येत नाही, मावशी."

"माझ्यावरच गेलंय मेलं," त्या चरफडल्या.

तीनच रोपं उरली होती. त्यांच्या मधोमध सोजराबाईंनी फतकल मारली. माणसाला धक्का लावायची यंत्राला मनाई होती. ते थबकलं, वळसा घालून पुढे गेलं आणि ओळीच्या टोकाहून परत फिरलं.

कणसं भरायला अजून तीन महिने होते.