शिराळ्यातली गृहभेट

अरबी समुद्राला न्याय मिळवून देण्याचं काम अखेर शिराळ्याकडे आलं होतं. समुद्राला याची कल्पना नव्हती. मधे सह्याद्री आडवा होता.

साल अठ्ठ्याहत्तर. यांत्रिक बोटी किनाऱ्याजवळचा मासा ओढून नेत होत्या आणि कोकणातल्या लहान होडीवाल्यांचे अर्ज लिहायला कुणी नव्हतं. त्यासाठी मुंबईची एक संस्था एका तरुणाला वर्षभराची फेलोशिप देणार होती. नाथाजी यंदाच सांगलीहून इंग्रजी घेऊन बी. ए. झालेला. समुद्र त्यानं एकदाच पाहिला होता, कॉलेजच्या सहलीत, बसच्या खिडकीतून. पण अर्जासोबतचा निबंध असा उतरला की शंभरांतून दोघे उरले आणि त्यात तो होता. हे हुकलं तर साखर कारखान्यावर काट्यापाशी उभं राहून उसाच्या गाड्या मोजायच्या, असं मामानं ठरवूनच टाकलं होतं.

आता राहिली होती फक्त गृहभेट. आणि संस्थेच्या बाई ती करायला नेमक्या नागपंचमीच्या दोन दिवस आधी येऊन सोप्यात बसल्या होत्या.

बाईंनी निबंध बरोबर आणला होता. त्यातल्या एका वाक्याखाली लाल पेन्सिलीची रेघ होती. त्याचा अर्थ त्या घरच्यांना मराठीत समजावून सांगत होत्या. मुक्या जिवाला आपल्या हौसेसाठी त्याच्या घरातून उचलून आणायचा हक्क माणसाला नाही, असं तुमच्या मुलानं लिहिलंय. याच वाक्यावर तो इथवर आला.

नाथाजीनं मान डोलावली. वर बघायचं नाही, असं त्यानं सकाळपासून ठरवलं होतं. बाईंच्या डोक्यावर हातभर उंच शिंक्यात एक मडकं टांगलेलं होतं. तोंडाला फडकं बांधलेलं, आणि आत पंचमीसाठी आठ दिवसांपूर्वी धरून आणलेला नाग. शिराळ्यात त्या आठवड्यात तो घरोघरी असतो. बाकीच्या घरांना गृहभेट नव्हती, इतकंच. मडकं दोन तास शेजारी ठेवू, असं त्यानं वडिलांना सुचवून पाहिलं होतं. हंबीरराव पलटणीतून हवालदार होऊन आलेले. पाहुणं आलं म्हणून देवाला घराबाहेर काढायचं का, एवढंच त्यांनी विचारलं होतं.

आई, साळूबाई, चहा घेऊन आल्या. बाई चहा घेत नव्हत्या. दूधही नको म्हणाल्या. मग त्यांची नजर वर गेली.

"त्यात काय आहे?"

"दही," नाथाजी म्हणाला. तीन वर्षं इंग्रजी शिकून त्याला एवढंच सुचलं.

"मग वाटीभर दही चालेल मला."

दही अजून लागलेलं नाही, असं नाथाजीनं सांगितलं. कधी विरजलंय, असं बाईंनी सहज विचारलं. काल, पण पावसाळी हवेत वेळ लागतो, असं तो म्हणतोय तोवर दही फडक्याखाली सरकलं आणि शिंकं हललं. बाईंनी शिंक्याकडे पाहिलं, मग नाथाजीकडे. नाथाजी निबंधाकडे पाहत होता.

हंबीरराव उठले. मडकं उतरवून त्यांनी बाईंपासून चार हातांवर जमिनीवर ठेवलं.

"दही न्हाई, बाईसाहेब. नाग हाय. पोरगं खोटं बोलतंय."

फडकं सुटलं. नाग वर आला आणि फणा काढून त्यानं सगळ्यांना पाहून घेतलं. बाईंनी पाय खुर्चीवर घेतले. वही मात्र सोडली नाही. धरून का आणलाय, असं त्यांनी खुर्चीवरूनच विचारलं.

हंबीररावांनी लपवलं नाही. देवीचा कौल घेऊन आणलाय. पंचमीची पूजा झाली की जिथनं उचलला त्याच बांधावर, त्याच बिळापाशी नेऊन सोडायचा. गेल्या साली त्यासाठी भर पावसात ते पाच मैल चालत गेले होते. दुसऱ्याच्या रानात सोडला तर त्याला त्याचं घर कसं घावायचं?

"आणि चावला तर?"

"भाऊ हाय माझा," साळूबाई दारातून म्हणाल्या. "चावंल कशाला? उद्या उपास हाय मला त्याचा."

बाई बराच वेळ लिहीत राहिल्या. नाथाजीच्या कानात कारखान्याचा भोंगा वाजू लागला. समोरून उलटी अक्षरं वाचायचा त्यानं प्रयत्न केला. एकच शब्द लागला, 'दही'.

मग बाईंनी ते पान फाडलं आणि घडी घालून पर्समध्ये ठेवलं. छापील फॉर्मात नागाला रकाना नाही, त्या म्हणाल्या. तसं आता ठरवायचंही काही उरलेलं नव्हतं. दुसऱ्या उमेदवाराला गेल्याच आठवड्यात बँकेत नोकरी लागली होती. एवढा एक रकाना भरला की झालं. वर्षभर रोज होडीवाल्यांबरोबर समुद्रात जायचं, तेव्हा हे विचारल्याशिवाय संस्था कुणालाच पाठवत नाही.

"पोहता येतं ना?"

नाथाजीनं तोंड उघडलं आणि वडिलांकडे पाहिलं. हंबीररावांनी नागाला मडक्यात उतरवलं होतं आणि ते फडकं बांधत होते. साळूबाईंचा पदर तोंडाशी गेला. हंबीररावांनी एक गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

"आवं, न यायला काय झालं?" मडक्यावरची नजर न काढता ते म्हणाले. "मोरणेला लय पूर आला तरी ह्या काठाचं त्या काठाला जातंय."

बाईंनी रकान्यात 'होय' लिहिलं आणि खाली पालक म्हणून हंबीररावांची सही घेतली.

नाथाजीला पोहता येत नव्हतं.