बारावा घाणा

"काहीतरी कमी आहे," उस्ताद म्हणाले आणि अर्धी कुकी त्यांनी बशीत परत ठेवली.

"आता काय कमी आहे?" लेकीने कमरेवर हात ठेवले. "परवा बेदाणे कमी होते. काल म्हणालात, अक्रोड भाजून घ्यायला हवे होते. आज भाजून घातलेत. अजून काय राहिलं?"

उस्तादांनी छताकडे पाहिलं. राहिलं काहीच नव्हतं. मैद्याऐवजी कणीक आणि ओट्स, साखरेऐवजी मोजकाच वाटलेला खजूर, कडू चॉकलेटचे दाणे, दाताखाली येणाऱ्या भोपळ्याच्या बिया. बेकरीच्या भट्टीपुढे चाळीस वर्षं काढलेल्या माणसाने मनातल्या मनात केव्हाच मान डोलावली होती. पण तोंडाने ते म्हणाले, "जवस घालून बघ थोडं."

"जवस! म्हणजे आता घोड्याचा खुराकच करायचा." लेक फणकारली. तरी तिने वहीत लिहून घेतलं: जवस, दोन चमचे.

ती आली होती आठ दिवसांसाठी. उस्ताद बेकरीत चक्कर येऊन पडले, रक्तातली साखर आभाळाला टेकलेली निघाली आणि डॉक्टरांनी मैदा, लोणी, साखर या तीन जिवलग दोस्तांना घराबाहेर काढलं. तरी चौथ्याच दिवशी हा माणूस पिठाच्या डब्यात बिस्किटं लपवताना सापडला. तेव्हा लेकीने जाहीर केलं, "तुम्हाला चालेल आणि आवडेलही अशी कुकी मी बसवून देते. ज्या दिवशी तुम्ही 'जमलं' म्हणाल, त्या दिवशी कृती वहीत पक्की करते आणि जाते."

त्यातलं 'आणि जाते' तेवढं उस्तादांनी नीट ऐकलं. त्याला आता दोन आठवडे होत आले होते.

काय म्हणावं या माणसाला! उभ्या आयुष्यात त्यांनी कोणा कारागिराच्या मालाला खोटी नावं ठेवली नव्हती, की खोटं कौतुक केलं नव्हतं. "जिभेशी बेइमानी चालत नाही," हे त्यांचं वाक्य बेकरीत पोऱ्यांपासून मालकांपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. आणि आता तेच उस्ताद रोज दुपारी चार वाजता डोळ्याची पापणीही न लववता खोटं बोलत होते. कारण बायको गेल्यापासून या स्वयंपाकघरात भांड्याला भांडं लागलं नव्हतं. आता सकाळी लेक कुरकुरत अक्रोड फोडायची. तो आवाज ऐकत ते जागेच पडून राहायचे. ती कुरकुर त्यांना हवीशी वाटायची.

"राहा गं इथेच," असं शंभरदा ओठांवर आलं. पण या घरात असं कोणी कोणाला म्हणत नसे. बारा वर्षांपूर्वी ती नोकरीला निघाली, तेव्हाही त्यांनी दारात उभं राहून "डबा घेतलास का?" एवढंच विचारलं होतं. तीही त्यांचीच लेक. "घेतला," म्हणाली आणि जिना उतरली.

शनिवारी तिचे हात पिठाने बरबटलेले होते, म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे तिच्या लॅबचे साहेब होते.

"मॅडम, तीनदा रजा वाढवून झाली. सोमवारी आलात तर तुमची खुर्ची तुमची. नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल."

"संध्याकाळी कळवते, सर."

उस्ताद पाणी प्यायला उठले होते, ते दाराशीच थांबले. ती खुर्ची काही आयती मिळाली नव्हती. लोकांच्या रक्ताच्या नळ्या हाताळत, एकीकडे परीक्षा देत ती तिथवर पोचली होती. आणि आपण काय करतोय? दोन चमचे जवसासाठी तिला डांबून ठेवलंय. पोरीच्या पायातली बेडी झालो आपण. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पाणी न पिताच ते खोलीत परतले आणि चार वाजेपर्यंत बाहेर आले नाहीत.

चार वाजता बारावा घाणा ओव्हनमधून निघाला. लेकीने बशी पुढे केली. आज तिने चिडवलं नाही. नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

उस्तादांनी कुकी मोडली आणि मोठा घास घेतला. क्षणभर त्यांचा जबडा थांबला. डोळे पाण्याने भरून आले. मग त्यांनी नेटाने घास चावला, गिळला आणि ग्लासभर पाणी एका दमात पिऊन टाकलं.

"जमलं," ते म्हणाले. आवाज घोगरा आला.

"काय?"

"जमलं म्हणतोय ना! एक नंबर झालीय. कुठे काही कमी नाही. लिही वहीत. आणि त्या साहेबांना कळवून टाक, सोमवारी येते म्हणावं. माझं काय, मी ठणठणीत आहे."

लेकीने वहीला हात लावला नाही. ती त्यांच्यासमोरच्या स्टुलावर हळूच बसली.

"बाबा, चार चमचे मीठ घातलं होतं मी त्यात," ती म्हणाली. "म्हटलं, आज तुम्ही 'जमलं' म्हणूच नये, मला जावं लागू नये."