तीनशे लिटरचा भार

ब्लडप्रेशर उतरवायचं तर घरात मासे पाळा आणि रोज अर्धा तास बघत बसा, असं धंतोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं. पण तीनशे लिटर पाणी पेलायचं म्हणजे गंमत आहे का! खापरखेड्याच्या वीजकेंद्रात जन्मभर फिटर राहिलेल्या शालिकरामांनी सागवानी स्टँड स्वतः ठोकला, त्यावर मुलगा, सून, जावई एकदम उभे करून पाहिले. टाकी भरली, मासे सोडले, तरी जिवाला चैन नाही. दिवसातून दहादा वाकून स्टँडचे पाय चाचपायचे, स्पिरिट लेव्हल लावून तिचा बुडबुडा मधोमध आहे ना बघायचे.

"अजी, काहून वाकून राहिले? बसा ना खुर्चीवर!" रुख्माबाई वैतागायच्या.

महिन्याने प्रेशर आणखी चढलेलं. डॉक्टर चक्रावले. "मासे बघता ना रोज? कोणते आणलेत?"

शालिकराम बायकोकडे वळले.

"कोणते आणले वं आपण?"