पुष्य नक्षत्राची रांग

सुवर्णप्राशनाच्या रांगेत सगळ्यात मोठं मूल ब्याऐंशी वर्षांचं होतं. लंकाबाई. तिच्या पुढं एक बाळ दुपट्यात झोपलेलं, मागं एक मुलगा नाकात बोट घालून उभा. तिघांनाही बुद्धी हवी होती.

तिला घोटीहून नवनाथ घेऊन आला होता. तिचा मुलगा, वय सत्तावन्न. हा माणूस कोण, हे तिला हल्ली कळत नव्हतं. तेवढं त्यानं चालवून घेतलं असतं, पण सोमवारपासून ती जेवली नव्हती. पोरगं शाळेतून येऊन जेवल्याशिवाय आपण जेवायचं नाही, हा तिचा जुना नेम. सगळं गेलं आणि नेमका तो लक्षात राहिला. 'मीच तो' असं नवनाथनं सांगून बघितलं होतं. तिनं त्याच्या टकलाकडं बघून पदर सावरला होता.

तेजल वैद्यांनी चमचा हातातच थांबवला. सोन्याचं भस्म, मध, तूप, ब्राह्मी. पुष्य नक्षत्राला द्यायचं, ते सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांना, असं त्यांनी समजावलं.

"घडायच्या बुद्धीसाठी असतं हो हे. गेलेल्या बुद्धीसाठी नाही."

"द्या की मॅडम. सोनंच हाय, वाया थोडंच जातंय."

वैद्यांनी चमचा पुढं केला. लंकाबाईनं तोंड घट्ट मिटलं. मग मिटल्या तोंडातूनच म्हणाली, "आधी माझ्या नवनाथला."

कुठाय तो, असं वैद्यांनी विचारलं, आणि विचारायला नको होतं हे त्यांना लगेच कळलं. लंकाबाई रांगभर बघत सुटली. वैद्यांनी तिला बाकावर बसवलं, तर तिनं शेजारच्या टकल्या माणसाची बाही धरली.

"दादा, जरा बघा ना. निळी चड्डी हाय. लय मठ्ठ हाय ओ, नाव विचारलं की नुसतं उभं राहतंय."

दादा बघायला गेला. तिचं लक्ष होतं म्हणून बाकाखाली वाकून बघितलं, बाहेर चपलांपर्यंत जाऊन आला. मग दुसरं काही सुचेना, म्हणून रांगेच्या शेवटी उभा राहिला.

त्याचा नंबर आला. कार्ड लिहिणाऱ्या पोरीनं मान वर न करता विचारलं, "नाव काय बाळाचं?"

नवनाथ नुसता उभा राहिला.

"बघा," लंकाबाई बाकावरून म्हणाली, "सांगितलं नव्हतं?"

नवनाथनं तोंड उघडलं. वैद्यांनी त्यात चमचा रिकामा केला. त्यानं गिळलं की नाही, ते लंकाबाईनं नीट बघून घेतलं. आणि मग स्वतःचं तोंड उघडलं. थेंब गेले.

नवनाथनं घाईघाईनं डबा काढला. दुधात कुस्करलेला भात. पहिला घास ओठांशी नेला तेव्हा तिनं घासाकडं बघितलं, मग त्याच्या टकलाकडं. पदर सावरला.

"नको दादा. आमचा नवनाथ येऊ द्या."

"पुढचं बाळ," पोरगी म्हणाली.

डबा तसाच उघडा धरून नवनाथ परत रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.