मंगळवारचं पिल्लू

"आज पुन्हा एक कमी!" रुक्मा कोंबड्यांच्या डालग्याशी बसल्या बसल्या ओरडली. "आत्याबाई, तुमी मोजा बरं."

गिरजाबाईने काही मोजलं नाही. सुनेला सातवा लागलेला, आणि ही उकिडवी बसून कोंबड्या मोजते! "ऊठ आधी," ती म्हणाली.

नऊ पिल्लं होती, आता पाच उरली. बँटम जात. कोंबडीच कबुतराएवढी, तर पिल्लं ती केवढी असणार! कारखान्याच्या साहेबांच्या बंगल्यावरच्या बाबुलाल खानसाम्याने अंडी दिली होती. रुक्माने ती गावठी कोंबडीखाली उबवली, कण्या चारल्या, जीव लावला. आणि आता महिनाभर दर आठवड्याला एक गायब. रक्त नाही, पीस नाही. डालगं जागच्या जागी, वरचा दगडही जागच्या जागी.

"मांजर असन," धोंडबा बूट चढवत म्हणाला. कारखान्याचं बांधकाम जोरात चाललं होतं आणि त्याला सकाळची पाळी होती.

"मांजर दगड परत ठेवते काय हो?"

धोंडबा उशीर झाला म्हणत निघाला.

दुपारी शेजारची शेवंता आली. तिच्या पोटात काही राहत नसे. "रुक्मा, रेल्वे फाटकापाशी पळसाखाली मरीमायचा दगड हाय ना? तिथं बारीक पिसं पडून हायेत. शेंदरात माखलेली."

रुक्माने बोटांवर दिवस मोजले. चारही पिल्लं मंगळवारीच गेली होती. मंगळवार, म्हणजे मरीमायचाच वार!

तीन वर्षांपूर्वी नागपुरात दीक्षा घेऊन धोंडबा गावी परतला, तेव्हा घरातले देव त्यानेच वैनगंगेत सोडले होते. इथे भिलाईत वस्तीची सभा त्याच्यावाचून होत नसे. देवीला कोंबडं देणाऱ्याने आपल्यात बसू नये, असं तो उभं राहून खणखणीत सांगायचा. म्हातारीचं मात्र तसं नव्हतं. वीज कडाडली की तिचे हात अजून आपोआप जोडले जात. त्यात रुक्माची आधीची दोन बाळं आठ दिवसही जगली नव्हती. तिसरं मांडीवर घ्यायचं, एवढीच गिरजाबाईची इच्छा राहिली होती. गावात तिचं होतं काय? पडकं घर, आणि विचारणारं कोणी नाही.

संध्याकाळी रुक्माने नवऱ्याला सगळं सांगितलं. "आत्याबाईच असतीन. माह्यासाठीच केलं असन त्याइनं. तुमी रागावू नका."

पण धोंडबा असा भडकला की शेजारी दारात आले. "माय, खरं सांग! तूच नेत होती ना पिल्लं?"

गिरजाबाईने मुलाकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो. मीच."

"मंग या घरात तुले जागा नाही. गावाले जाय."

"बाळंतपण होऊ दे रे. मंग जातो. पाया पडतो तुह्या."

"असू द्या ना," रुक्मा रडत म्हणाली. "पिल्लं माही. मले काही नाही त्याचं."

"लोक तोंडात शेण घालतीन माह्या!" धोंडबा म्हणाला आणि बाहेर गेला. इतका कठोर तो कधीच झाला नव्हता. रुक्माला स्वतःच्या जिभेचा संताप आला. कशाला बोललो आपण?

पुढच्या मंगळवारी पाळी बदलून घेऊन तो मायला भिलाईच्या पावर हाउस स्टेशनावर घेऊन गेला. घरात रडारड झाली होती. डालग्याकडे त्या दिवशी कोणी फिरकलंच नाही.

नागपूरकडची पॅसेंजर लागली. गिरजाबाई गाठोडं मांडीवर घेऊन खिडकीशी बसली. "रुक्माले एकटी ठेवू नको. डिंकाचे लाडू दे. बाळ झालं की पत्र टाक, कोनाकडून तरी वाचून घेईन."

धोंडबा मान खाली घालून हो हो म्हणत राहिला. तिच्याकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती.

शिट्टी झाली. गिरजाबाईने त्याला खुणेनेच जवळ बोलावलं, आणि डब्यातल्या कोणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली, "पिल्लू गुदमरून राहिलं, लेका. खिशाची गुंडी सोड. फाटकापर्यंत जितं राह्यलं पाहिजे."