अंगठ्याखालचा आवाज

अप्पारावांनी पिशवी भरून हॉस्पिटलच्या पलंगावर ठेवली होती आणि पायांत चपलाही घातल्या होत्या. उद्या सकाळी त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं. गाठ वाढत चालली आहे, स्वरयंत्र काढावंच लागेल, नाहीतर काही महिन्यांत श्वास घेणंही अवघड होईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. ते ऐकून अप्पाराव करमाडला घरी जायला निघाले होते.

जाधववाडीच्या बाजारात ते रोज पहाटे भाजीचा हर्रास बोलायचे. मेथी असो की टोमॅटो, त्यांची बोली सुरू झाली की गेटापर्यंत ऐकू जायची. आवाज फाटला तेव्हा सगळ्यांना वाटलं, ओरडून बसला असेल. त्यांनाही तसंच वाटलं आणि त्यात उशीर झाला. मुकं होऊन जगण्यापेक्षा आहेत तेवढे दिवस बोलत जगू, असं त्यांनी डॉक्टरांना सांगून टाकलं. बायको पलंगाच्या पायथ्याशी बसून होती. समजावून समजावून ती थकली होती.

डॉक्टरांनी वाद घातला नाही. त्यांनी सुवार्ताबाईंना अप्पारावांकडं पाठवलं.

सुवार्ता आढाव शहरातल्या छावणी भागात राहायच्या. पन्नाशी उलटलेली, सुती साडी, गळ्याभोवती पांढरा रुमाल. कित्येक वर्षं चर्चमध्ये गीत उचलायचं, पहिली ओळ गाऊन सगळ्यांना सुरात घ्यायचं काम त्यांचं होतं. नाताळात दुसऱ्या चर्चच्या मंडळ्यांतले लोक त्यांना ऐकायला येत. मग त्यांनाही हाच आजार झाला आणि याच वॉर्डात त्यांचं स्वरयंत्र काढलं. आता दर गुरुवारी दुपारी त्या इथं येत आणि ऑपरेशन व्हायच्या माणसांशी बोलत बसत.

त्यांनी स्टूल ओढून घेतलं, रुमाल बाजूला सारला. गळ्याच्या खळगीत एक भोक होतं. त्यावर अंगठा दाबून त्या बोलल्या आणि अप्पाराव दचकले. पत्रा फरशीवरून ओढावा तसा आवाज होता. बाईचा की बाप्याचा, तेही कळू नये. चार शब्द झाले की त्या थांबत, श्वास घेत आणि पुन्हा अंगठा ठेवत.

आधी त्यांनी आपल्या चर्चमधल्या गाण्याचं सांगितलं, मग आजाराचं; काहीच लपवलं नाही. सुरुवातीला अजिबात बोलता येणार नाही, म्हणाल्या. मग आत एक छोटी झडप बसवतात, तिच्यावर बोलायला शिकावं लागतं. अंघोळीला जपावं लागतं. लोक टक लावून बघतात, त्याची सवय होते. अप्पाराव ऐकत होते, पण नजर त्या भोकावरून हलत नव्हती. बायको हळूच उठली आणि थर्मास घेऊन चहा आणायला गेली.

ती गेल्यावर अप्पारावांनी विचारलं, "देवासाठीच गात होता म्हनता. अन् त्यानं गळाच काढून घेतला. राग नाय आला?"

"आला," सुवार्ताबाई म्हणाल्या.

आणि तो राग बरेच दिवस टिकला, हेही त्यांनी सांगितलं. चर्चला जायच्या, पण मागच्या बाकावर बसून गीत संपायची वाट बघायच्या. देवाला विचारायच्या, आता मी कशासाठी? उत्तर कधी मिळालं नाही. एकदा तपासणीला आल्या असताना ऑपरेशनच्या भीतीनं रडणाऱ्या एका बाईनं त्यांचा हात धरला आणि संध्याकाळपर्यंत सोडलाच नाही. तेव्हापासून त्या येत होत्या.

अप्पारावांनी मान हलवली. ते सगळं खरं, पण आवाज तो आवाज, असं काहीसं ते पुटपुटले.

सुवार्ताबाईंनी अंगठा ठेवला. "तो चांगला आवाज घेऊन मी आले असते... तर तुम्ही माझं ऐकलं असतं?"

अप्पारावांनी पायांतल्या चपला काढून पलंगाखाली सारल्या.

"आता गाता येतं का?" त्यांनी विचारलं.

सुवार्ताबाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. चर्चमधल्या एका गीताची ओळ त्यांनी म्हटली. दोनदा श्वास तुटला, सूर कुठंच लागला नाही. शेजारच्या पलंगावरचा म्हातारा उठून बसला.

"बेसूर झालं, बाई," अप्पाराव म्हणाले.

त्या हसल्या. त्यांच्या हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलले. "व्हय," त्या म्हणाल्या, "पण देवानं अजून थांब म्हटलं नाय."

मग त्यांनी विचारलं, तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का. अप्पारावांनी हात जोडले. सुवार्ताबाईंनी डोळे मिटले. अंगठा मात्र गळ्याकडं नेला नाही. नुसते ओठ हलत होते.

उठताना त्यांनी एवढंच सांगितलं, की आजचा दिवस आहे, कुणाशी काही बोलायचं राहिलं असेल तर बोलून घ्या. आणि रुमाल सारखा करून त्या पुढच्या पलंगाकडं वळल्या.

वॉर्डाच्या दारातून अप्पारावांची बायको थर्मास घेऊन येत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अप्पारावांनी तिला कधी नावानं हाक मारली नव्हती. 'ऐकलं का' म्हणायचे, नाहीतर पोरांच्या नावानं बोलवायचे. ते पलंगावर ताठ बसले, छाती भरून श्वास घेतला आणि फाटलेला असेल तेवढा सगळा आवाज लावून हाक मारली,

"द्वारका!"

ती जागीच थांबली. मग वळून मागं बघू लागली, ही हाक कुणाला म्हणून.